बीओडी ३० की १०? हिशेब किलोत मांडा

प्रश्न : आमच्या नगरपालिकेच्या सांडपाणी केंद्रातून बीओडी (पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्याचं माप, लिटरला मिलिग्रॅममध्ये) ३० असलेलं पाणी नदीत सुटतं. ते १० वर आणणं परवडेल का, हे कसं ठरवायचं?

उत्तर : हा घोळ वरपासूनच आहे. केंद्र सरकारच्या २०१५च्या मसुद्यात मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम होती. ऑक्टोबर २०१७च्या अधिसूचनेत ती मोठ्या शहरांना २० आणि बाकीच्यांना ३० अशी सैल झाली. एप्रिल २०१९मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं पुन्हा १०चा आग्रह धरला. प्रदूषण नियंत्रण मंडळानं दिलेल्या तुमच्या संमतिपत्रात जो आकडा असेल तो पाळावाच लागेल. त्यापुढचा पैसा कुठे घालायचा, एवढंच हिशेबानं ठरतं.

समजा, रोज १ कोटी लिटर मैलापाणी येतं आणि त्याचा बीओडी २०० आहे. तो ३०वर आणताना रोज १,७०० किलो भार निघतो. तिथून १०वर येताना आणखी फक्त २०० किलो. जादा हवा, गाळण यंत्रणा आणि वीज लागते ती या शेवटच्या २०० किलोंसाठी. आता एखादा नाला रोज २० लाख लिटर तसंच २०० बीओडीचं मैलापाणी थेट नदीत ओतत असेल, तर तो अडवून ३०वर आणल्यास ३४० किलो निघतात. दोन्ही कामांचा वार्षिक खर्च काढा आणि किलोंनी भागा. भांडवल वर्षांवर पसरवायला विसरू नका : १ कोटी रुपये, ८ टक्के व्याज, २० वर्षं म्हणजे सालाला सुमारे १०.२ लाख. बहुतेक अहवाल वार्षिक खर्चातच फसतात. बांधकाम मोजतात, ब्लोअरचं (पाण्यात हवा सोडणाऱ्या यंत्राचं) वीजबिल नाही.

पण किलोमागे नाला स्वस्त पडला म्हणून १०चा आकडा निकाली निघत नाही. नदीचा प्रवाह बघा. वरून येणारं पाणी बीओडी २चं आणि सांडपाण्याच्या दहापट असेल, तर ३०च्या पाण्यानं नदी ४.५वर जाते, १०च्या पाण्यानं २.७वर. आंघोळीच्या पाण्याची मर्यादा ३ आहे. मे महिन्यात प्रवाह सांडपाण्याइतकाच उरला, तर १०च्या पाण्यानंही नदी ६वर राहील. म्हणून हिशेब उन्हाळ्याच्या प्रवाहावर करा, वार्षिक सरासरीवर नको.

प्रश्न : वसूल झालेला दंड फायद्यात धरायचा का?

उत्तर : नाही. तो एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला पैसा. फायदा म्हणजे खालच्या गावाची वाचलेली तुरटी आणि क्लोरीन, टळलेली आजारपणं, टिकलेली मासेमारी.