उभ्याने केलेली प्रार्थना

गेल्या काही वर्षांत मनातले बोलायला माझ्याकडे आलेल्या ख्रिस्ती पुरुषांपैकी अनेकांनी, निघायची वेळ झाल्यावर, दाराशी थांबून एकच प्रश्न विचारला आहे: "प्रार्थना करतो, शास्त्र वाचतो, पण आत काहीच हलत नाही. माझा विश्वास संपला आहे का?" बायका हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारतात; पुरुषांना मात्र त्याला वाट करून द्यायला तीन-चार भेटी लागतात. त्यांपैकी एकाची हकिगत, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे सांगते.

हे गृहस्थ पंचेचाळिशीचे, त्यांच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, वडीलजन, म्हणजे चर्चची जबाबदारी वाहणारे पुढारी. रविवारच्या उपासनेत त्यांची प्रार्थना ऐकून लोकांचे डोळे पाणावत, आणि घरी मात्र जेवणाआधीची दोन वाक्येही त्यांना जड होऊ लागली होती. आपण ढोंगी आहोत, असे त्यांनी मनाशी ठरवूनच टाकले होते. उपाय म्हणून ते पहाटे आणखी लवकर उठू लागले, उपास वाढवले, वाचनाचे वेळापत्रक केले, आणि प्रत्येक नव्या नियमासोबत कोरडेपणा वाढतच गेला.

मी त्यांना विश्वासाबद्दल काहीच विचारले नाही. माणूस देवाशी कसा बोलतो हे बहुधा तो आपल्या वडिलांशी कसा बोलत आला यावर ठरते, असे माझे पूर्वीपासूनचे मत आहे.

"वडिलांशी तुम्ही कसे बोलायचात?"

"उभा राहून," ते म्हणाले. बराच वेळ ते मांडीवरच्या बायबलच्या पानांच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. "काय केले, काय राहिले, एवढेच सांगायचे. बसून बोलल्याचे आठवत नाही."

"आणि देवाशी?"

त्यांनी उत्तर दिले नाही. पण अंगठा थांबला.

पुढच्या भेटीत मी त्यांना बायबलच्या स्तोत्रसंहितेतले ८८ वे स्तोत्र मोठ्याने वाचायला सांगितले. १५० स्तोत्रांपैकी जवळजवळ एकतृतीयांश विलापाची आहेत, आणि बहुतेक विलाप शेवटी स्तुतीकडे वळतात. हे मात्र वळत नाही, ते अंधारातच संपते. वाचून झाल्यावर त्यांनी पान उलटून पाहिले, जणू उरलेला भाग मागे असावा. "एवढेच?" त्यांनी विचारले. मी म्हणाले, "एवढेच. आणि ज्यांनी हा ग्रंथ जपला, त्यांनी ते गाळले नाही."

तेव्हा नऊ वर्षांपूर्वी वारलेल्या धाकट्या भावाचा विषय निघाला. अंत्यविधीची सगळी व्यवस्था यांनीच पाहिली होती, आईला यांनीच धीर दिला होता, प्रार्थनाही यांनीच चालवली होती. "तेव्हा तू कुठे होतास, हे मला देवाला विचारायचे होते," ते म्हणाले, आणि मग पंधरा-वीस मिनिटे रडत राहिले. मी मध्ये बोलले नाही. इतक्या वर्षांच्या कामात मी काही शिकले असेन तर अशा वेळी गप्प बसायला शिकले आहे. माझ्या दृष्टीने त्यांची नऊ वर्षांतली पहिली खरी प्रार्थना तीच होती.

आपला विश्वास संपला का, हा प्रश्न ज्यांना छळतो, त्यांना मी मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला बाप दाखवते. आजारी मुलाला घेऊन आलेला तो माणूस भर गर्दीत येशूला सांगतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. आधी विश्वास पुरता करून ये, असे येशू त्याला सांगत नाही. मुलाला बरे करतो. म्हणून देवापुढे मांडण्याजोगे तेवढेच मांडायचे, ही सवय सोडा. दिवसाला एकच वाक्य बोला, पण ते खरे असू द्या. एका विश्वासू मित्राला किंवा पत्नीला आपला कोरडेपणा सांगा. एकमेकांजवळ कबुली देऊन एकमेकांसाठी प्रार्थना करण्याची, बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातली सूचना पाळकांइतकीच, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंइतकीच, तुमच्यासाठीही आहे. आणि शरीराकडे पाहा. मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला रानात रतामाच्या झाडाखाली आधी झोप, भाकर आणि पाणी मिळाले. देवाचा प्रश्न त्यानंतर, होरेब डोंगरावर आला. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडली असेल तर डॉक्टरांकडे जा, आणि जगणे नको वाटत असेल तर आजच, कोणाला तरी सोबत घेऊन जा. आजाराला विश्वासाची उणीव समजून अंगावर काढणारे पुरुष मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि ते पाहताना मला फार वाईट वाटते.

शेवटच्या भेटीत या गृहस्थांनी सांगितले की रविवारी त्यांनी १३ वे स्तोत्र वाचले, 'कोठवर' हा शब्द पुन्हा पुन्हा येणारे, आणि त्यानंतरची त्यांची प्रार्थना अगदी तोकडी झाली. कोरडे दिवस अजूनही येतात. "पण आता त्या दिवशी मी खुर्ची ओढून बसतो," ते म्हणाले, "आणि आज काही नाही, असे त्याला सांगतो."