सान जिमिन्यानो: कापलेले ४५ युरो म्हणजे दंड नव्हे

‘इटलीत भाड्याने घेतलेल्या गाडीच्या कंपनीवाल्यांनी कार्डावरून ४५ युरो कापले, म्हणजे दंड मिटला ना?’ हे तुमचं वाचलं आणि पोटात गोळाच आला. नाही मिटला. ती नुसती तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याची फी. दंडाचा लखोटा वेगळा येतो. आमचा सात महिन्यांनी आला, आणि एक नाही, दोन.

चूक माझीच. सान जिमिन्यानो हे इटलीतलं कोटाच्या आत वसलेलं जुनं गाव, आत बाहेरच्या गाड्यांना बंदी. कोटाच्या दरवाजापाशी लाल वर्तुळाची पाटी होती, खाली दिव्यांत ‘वार्को अत्तीवो’. अत्तीवो म्हणजे चालू, म्हणजे रस्ता चालू, असं म्हणून मी ऐटीत गाडी आत घातली. चालू होता तो कॅमेरा! त्या दोन शब्दांचा अर्थ ‘आत येऊ नका’. चुकलो म्हणून फिरून आलो, तर कॅमेऱ्याने पुन्हा टिपलं.

तरी सुटलो असतो. हॉटेल आतच होतं, आणि पाहुण्याच्या गाडीचा नंबर हॉटेलने पालिकेला कळवायचा असतो. काउंटरवरच्या बाईंनी नंबर लिहूनही घेतला. कळवला मात्र नाही. नंतर मी चार मेल केले, उत्तर एकच: ‘आमची जबाबदारी नाही.’ गाडीवाल्यांनी तर दोन्ही वेळची फी वेगवेगळी कापली. भांडू नका, दिवस वाया जातात. मी भांडत बसलो आणि पाच दिवसांत भरल्यावर मिळणारी ३० टक्के सूट घालवली. एरवी मुदत ६० दिवसांची. (मी वकील नाही, पत्रावर लिहिलंय तेच खरं धरा. परदेशी पत्त्यावर नोटीस पाठवायला त्यांना ३६० दिवस असतात, तेव्हा इतक्यात निर्धास्त होऊ नका.)

पुढच्या महिन्यात जाणाऱ्या तुमच्या भावाला सांगा, गाडी कोटाबाहेर पी-१ या पार्किंगला लावायची. लांब पडतं, पण स्वस्त. किंवा जवळच्या पोज्जिबोन्सी गावाहून बस. एवढ्याशा गावात गाडी हवीच कशाला? ७२ पैकी १४ मनोरे उरलेत, सगळे पायी होतात. त्यातला सर्वांत उंच तोर्रे ग्रोस्सा ५४ मीटर, गुडघे दुखत असतील तर खालूनच पाहावा.

कोलेज्याता चर्च कुणी चुकवत नाही. बाहेरून अगदी साधं, आत मात्र भिंतभर चित्रं, आणि चित्रकार गिर्लांदायोने रंगवलेलं, गावच्या संत सांता फीनाचं छोटं दालन. सांत’अगोस्तीनो चर्च मात्र गावाच्या उत्तर टोकाला, तिथवर जायचा लोक कंटाळा करतात. जावंच. चित्रकार बेनोझ्झो गोझ्झोलीने १४६४-६५ मध्ये संत ऑगस्टीनचं चरित्र १७ चित्रांत रंगवलंय. पहिल्यात ऑगस्टीनला शाळेत घालतायत, आणि शेजारी मास्तर दुसऱ्या एका पोराच्या उघड्या ढुंगणावर फटके देतायत. आमची ही म्हणाली, ‘वार्को अत्तीवो!’