आईची गाठ फायब्रॉइड म्हणून काढली, रिपोर्टमध्ये ‘लियोमायोसार्कोमा’ आला. आधी कळलं कसं नाही? आणि आता पुढे काय?

तुम्ही लिहिलंय की आई ४९ वर्षांच्या आहेत, पाळी अजून चालू आहे, अंगावरून फार जात होतं, सोनोग्राफीत ९ सेंटिमीटरची गाठ दिसली, पिशवी काढली आणि दहा दिवसांनी हा रिपोर्ट हातात पडला. घरातले सगळे डॉक्टरांवर चिडलेत. (फायब्रॉइड म्हणजे गर्भपिशवीच्या स्नायूची साधी गाठ; लियोमायोसार्कोमा म्हणजे त्याच स्नायूचा कॅन्सर, पुढे मी नुसतं ‘सार्कोमा’ म्हणेन.)

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे काढलेल्या गाठी तपासून निदान करणारी डॉक्टर. पेशंट मला क्वचितच भेटतात, त्यांच्या पिशव्या मात्र रोज भेटतात. आमच्याकडे तालुक्याच्या गावांहून पुष्कळदा नातेवाईकच डबा घेऊन येतात, कधी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यातून, फॉर्मॅलिन, म्हणजे नमुना टिकवणारं रसायन, जेमतेम तळाशी. (डबा मोठा हवा आणि पिशवी फॉर्मॅलिनमध्ये पूर्ण बुडायला हवी. ती आत कुजली तर सूक्ष्मदर्शकाखाली मी काय मोजणार?)

फायब्रॉइड कापताना सुरीलाच कळतो. पांढरा, रबरासारखा घट्ट. चिरला की कापलेला भाग फुगून वर येतो आणि आत दोऱ्याच्या गुंडाळीसारखी वेटोळी दिसतात. सार्कोमा मऊ लागतो. रंग राखाडी-पिवळट, पोत कच्च्या मासळीचा, मध्येच रक्त साकळलेलं, कुठे सडल्यासारखा भाग. आता गंमत अशी की हा फरक गाठ हातात आल्यावर कळतो, आणि तेव्हाही दरवेळी नाही. रक्तपुरवठा कमी पडलेला साधा फायब्रॉइडसुद्धा आतून असाच मऊ, लालसर होतो.

सोनोग्राफीला तर हे दोघं जुळे भाऊच वाटतात. एमआरआयवर संशय घेता येतो, रक्तातलं एलडीएच नावाचं एन्झाइम वाढलेलं असेल तर तो बळावतो, पण खात्रीने सांगणारी एकही तपासणी नाही. क्युरेटिंग केलं असतं तरी? ही गाठ पिशवीच्या स्नायूत उगवते आणि क्युरेटिंगमध्ये आतलं अस्तर खरवडतात, त्यामुळे अहवाल नॉर्मल येऊ शकतो. एक खूण मी महत्त्वाची मानते: पाळी गेल्यावर फायब्रॉइड आक्रसायला हवा. त्याऐवजी तो वाढला, तर सावध व्हायचं. तुमच्या आईंच्या बाबतीत ती खूणही हाताशी नव्हती. म्हणून निदान आधी झालं नाही याचा दोष मी तरी सर्जनला देणार नाही.

पण एक गोष्ट त्यांना जरूर विचारा: गाठ अखंड बाहेर आली की तुकडे करून? दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये मोठी गाठ लहान भोकातून काढण्यासाठी मॉर्सेलेटर नावाच्या यंत्राने पोटातच तिचे तुकडे करतात. ती सार्कोमा निघाली तर पेशी पोटभर विखुरू शकतात. बॉस्टनच्या भूलतज्ज्ञ डॉ. एमी रीड यांच्या बाबतीत २०१३ मध्ये हेच झालं. त्या आणि त्यांचे पती याविरुद्ध जाहीरपणे लढले. एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) इशारा दिला, की फायब्रॉइड म्हणून ऑपरेशन होणाऱ्या साधारण ३५० बायकांमागे एकीत लपलेला सार्कोमा असतो. डॉ. रीड २०१७ मध्ये गेल्या. यंत्र वापरायचंच तर गाठ बंद थैलीत ठेवून, असा सल्ला आता दिला जातो. तुमच्या आईंच्या गाठीचे तुकडे झाले असतील तर पुढच्या डॉक्टरांना ते पहिल्याच भेटीत कळायला हवं.

आता रिपोर्ट. आम्ही मुख्यतः तीन गोष्टी पाहतो: पेशींची केंद्रकं किती बेढब आहेत, किती पेशी विभाजित होताना सापडतात (सूक्ष्मदर्शकाखाली खूप मोठं करून पाहिलेल्या दहा क्षेत्रांत मिळून दहा किंवा जास्त म्हणजे धोक्याची घंटा), आणि गाठीतल्या पेशी मेल्यात का व कशा. त्या ‘कशा’मध्येच गफलत होते. रक्तस्राव थांबवायला दिलेल्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्यांनी साध्या फायब्रॉइडचा भागही मरू शकतो. आई त्या घेत होत्या का? असतील तर पॅथॉलॉजिस्टला सांगा. फॉर्मवर हे सहसा कोणी लिहीत नाही. काही गाठी धड इकडच्या नसतात ना तिकडच्या, त्यांना आम्ही ‘स्टम्प’ म्हणतो आणि पेशंटवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवायला सांगतो.

म्हणून पहिलं काम फेरतपासणी. स्लाइड्स (काचपट्ट्या) आणि मेणाचे ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे), दोन्ही घेऊन अशा गाठी नेहमी पाहणाऱ्या ठिकाणी जा. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये बाहेरच्या स्लाइड्स पुन्हा तपासल्या जातात. यात अविश्वासाचं काही नाही. मी स्वतः अशा केसेस पुढे पाठवते.

सोबत छाती, पोट आणि ओटीपोटाचा सीटी स्कॅन करून घ्या, कारण हा आजार पसरला तर बहुतेक वेळा रक्तातून फुप्फुसात जातो. आजार पिशवीपुरताच असेल आणि पिशवी अखंड निघाली असेल, तर मुख्य उपचार झालेला आहे. पुढे सरसकट किमो देऊन आयुष्य वाढतं असं सिद्ध झालेलं नाही, रेडिएशननेही नाही. त्यामुळे ऑन्कोलॉजिस्ट ‘आता फक्त लक्ष ठेवू’ म्हणाले, तर ते टाळतायत असं समजू नका. खोटा धीर देत नाही: पहिल्या स्टेजलाही निम्म्याच्या आसपास बायकांत हा परत येतो. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी तपासणी चुकवू नका. परत आला तर डॉक्सोरुबिसिन, जेमसिटाबिन-डोसेटॅक्सेल, ट्रॅबेक्टेडिन ही औषधं आहेत, आणि फुप्फुसात एक-दोनच गाठी असतील तर त्या काढताही येतात.

फेरतपासणीत नावच बदलून ‘लो-ग्रेड एंडोमेट्रियल स्ट्रोमल सार्कोमा’ (पिशवीच्या अस्तरातल्या आधारपेशींचा, सावकाश वाढणारा कॅन्सर) आलं तर हिशेब वेगळा. तो इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर पोसतो. तेव्हा बीजकोश ठेवले असतील तर ते काढण्याचा विचार होतो, इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या लेट्रोझोलसारख्या गोळ्या चालतात, आणि दहा-पंधरा वर्षांनीही तो डोकं वर काढू शकतो.

ब्लॉक नेताना कुरिअरने पाठवू नका, हातात न्या. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत तर अजिबात ठेवू नका, मेण वितळतं. आणि जिथे द्याल तिथून ब्लॉकचे नंबर लिहिलेली पावती घ्या.