कोपराची कुठली बाजू?

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. दिवाळीपासून त्याच्या हातापायांवर पुरळ येतंय, रात्रभर खाजवत असतो. दोन मलमं संपली, फरक नाही. नणंद म्हणते, गव्हाची अ‍ॅलर्जी असणार, पोळी बंद कर. आठवडाभर त्याला नुसती भाकरीच देतेय. बरोबर करतेय का?
– एक आई, अमळनेर

उत्तर : ताई, आज रात्रीपासून पोळी पुन्हा सुरू करा. नणंदबाई रागावल्या तर माझ्यावर ढकला. गव्हाचा संबंध शोधायचा तर तपासणीच्या वेळी गहू पोटात जात असावा लागतो. महिना-दोन महिने बंद ठेवून रक्त दिलं, तर सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होण्याचा आजार, असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. आठवड्याने फार बिघडत नाही, पण इथेच थांबा.

तुम्ही ‘हातापायांवर’ एवढंच लिहिलंत. नेमकं कुठे? मुलाला सकाळच्या उन्हात ओट्यावर बसवा आणि कोपर बघा. आतल्या घडीत, गुडघ्यामागच्या लवणीत, कातडी कोरडी नि खरखरीत असेल, तर बहुधा इसब. थंडी पडायला लागली की ते बळावतं, त्यामुळे तुमची दिवाळी वाचून माझा पहिला संशय त्यावरच गेला. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती असेल आणि घरात आणखी कुणी खाजवत असेल, तर खरूज. मग औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं. गहू खाल्ल्यावर तासा-दोन तासांत अंगावर गांधी उठत असतील तर ती अ‍ॅलर्जी, ते प्रकरण वेगळं.

ग्लुटेनचं पुरळ कोपराच्या बाहेरच्या बाजूला येतं. टोकावर, गुडघ्याच्या वाटीवर, कुल्ल्यांवर, कधी डोक्यातही. डावीकडे जसं तसं उजवीकडे. बारीक पाणीदार फोडांचे पुंजके असतात, पण खाज इतकी की पोरं ते फोडूनच टाकतात आणि आपल्याला दिसतात नुसत्या खपल्या. मी इथेच फसले होते. आठ वर्षांची एक मुलगी, तिला मी दोनदा खरजेचं औषध दिलं, घरादाराला लावायला लावलं. घरात दुसऱ्या कुणालाच खाज नव्हती, तेव्हाच माझी ट्यूब पेटायला हवी होती. शेवटी तिच्या आजीनेच विचारलं, दोन्ही कोपरं अशी जोडीनं कशी येतात हो? त्या बाईंना मी मनातल्या मनात आजही हात जोडते.

या आजाराचं नाव डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिस, सिलिअ‍ॅकचंच कातडीवरचं रूप. नावात हर्पिस असला तरी त्याच्याशी काही संबंध नाही. मोठ्यांच्या मानाने लहान मुलांत तो कमीच दिसतो, म्हणून घाबरून जाऊ नका. संशय वाटलाच तर रक्तात टीटीजी-आयजीए ही सिलिअ‍ॅकची चाचणी आणि सोबत एकूण आयजीए बघतात. तपासणीसाठी कातडीचा तुकडा मात्र फोडाचा नाही, त्याच्या शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा घेतात. त्वचारोगतज्ज्ञांना हे ठाऊक असतं, तरी विचारायला लाजू नका.

निदान पक्कं झालं तर पथ्य जन्मभराचं. बट्टी, मांडे, शेवया, कुरडया, सगळंच गेलं. आपल्याकडे दादर ज्वारीची भाकरी, कळण, नागली आहे, पोट उपाशी राहत नाही. खरी डोकेदुखी चक्कीवर. गव्हाच्या मागोमाग ज्वारी दळली की पीठ मिसळलंच. हिंगाच्या डबीतही बऱ्याचदा मैदा असतो. पण हे सगळं नंतरचं, आज डबे पालथे घालू नका.

सध्या एवढंच करा : नवा फोड दिसला की खाजवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. पोट बिघडतं का, रक्त कमी आहे का, तेही डॉक्टरांना सांगा. आणि अंगणवाडीतली वजन-उंचीची जुनी नोंद सापडली, तर तीही बरोबर न्या.