निराकार कार्बनचा वज्रलेप?

प्रश्न असा आलाय की हार्ड अमॉर्फस कार्बन थिन फिल्म, म्हणजे दाढीच्या ब्लेडच्या धारेवर किंवा हार्डडिस्कच्या तबकडीवर देतात ते कार्बनचं कोटिंग, त्याला "निराकार कार्बनचा वज्रलेप" म्हटलं तर चालेल का. ऐकायला झकास आहे, पण माझी दोन्ही शब्दांना हरकत आहे, पहिल्याला जरा जास्तच.

निराकार म्हटलं की आपल्याला आधी निर्गुण आठवतं आणि मग थेट अभंगच सुरू होतो. अमॉर्फसचा मूळ ग्रीक अर्थ बिनरूपाचं असाच आहे, मान्य, पण इथे बाहेरच्या आकाराचं काही बोलणंच नाहीये, खिडकीच्या काचेला चांगला चौकोनी आकार असतो आणि तरी ती अमॉर्फसच. आतले अणू स्फटिकातल्यासारखे ओळीत लागलेले नाहीत एवढंच सांगायचंय, त्यामुळे आपला शाळेतला "अस्फटिकी" बरा. "अरूप" नको, "अपरूप"शी घोळ होईल.

अस्फटिकी म्हटल्यावर आत नुसता सावळागोंधळ असेल असं मात्र वाटून घेऊ नका. कोकणात जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत आणि शेजारीच दगडांचा गडगा बघितलाय ना? चिऱ्यांच्या भिंतीत पुढचा सांधा कुठे येणार ते लांबूनच सांगता येतं, गडग्यात तसं सांगता येत नाही, पण प्रत्येक दगड त्याच्या लगतच्या दगडांत नीट बसवलेला असतोच. इथेही तसंच, जवळची शिस्त आहे, लांबची नाही. हिऱ्यात प्रत्येक अणूला चार शेजारी, दोन अणूंना जोडणारा बंध 0.154 नॅनोमीटर लांब. ग्रॅफाइटमध्ये तीनच शेजारी आणि गंमत म्हणजे बंध आखूड, 0.142, म्हणजे उलट जास्त घट्ट, पण ते सगळे एका पातळीत, आणि दोन पातळ्यांमध्ये 0.335 नॅनोमीटरची फट, म्हणून थर सरकतात आणि पेन्सिल कागदावर उमटते. या कोटिंगमध्ये दोन्ही प्रकारचे अणू मिसळलेले असतात, चार शेजारीवाले जितके जास्त तितकं ते टणक, आणि बिनहायड्रोजनच्या सगळ्यात टणक प्रकारात त्यांचं प्रमाण 80-85 टक्क्यांपर्यंत जातं. (बॉंडला "बंध"च म्हणा हं, "बंधन" नको, ते राखीचं.)

"टणक" मी मुद्दाम लिहिलं. "कठीण कार्बन" म्हणजे गणिताचा पेपर वाटतो आणि "कडक" म्हटलं की चहा. पुस्तकी लिहायचं असेल तर गुणधर्माला "कठिनता" चालेल.

आता वज्रलेप. वज्र म्हणजे इंद्राचं शस्त्र आणि हिरासुद्धा, त्यामुळे मोह होणं साहजिक आहे. (वज्रटीकेत हिरा नसतो ते सोडा.) पण हा शब्द आधीच कामावर आहे, देवाच्या मूर्तीची झीज थांबवायला करतात तो वज्रलेप, आणि वराहमिहिराच्या बृहत्संहितेत त्याची कृतीच दिलीय, त्यात कच्ची कवठं आणि सावरीची फुलं वगैरे उकळून आटवायची. म्हणजे तो चिकट काढा, यात हिऱ्याचा संबंध फक्त टिकण्यापुरता. शिवाय वज्रलेप म्हणजे कधी न निघणारा, आणि हे कोटिंग जाड केलं की आतल्या आत इतकं दाबलं जातं की चक्क भिंतीच्या रंगासारखे पोपडे धरतं! कारण ते बनवताना कार्बनचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, वेगाने आदळून पृष्ठभागाच्या आत घुसवतात, त्यानेच चार शेजारीवाले अणू वाढतात आणि त्यानेच दाबही वाढतो.

इंग्रजीत याला डायमंडलाइक म्हणतात, आयझेनबर्ग आणि शॅबो या संशोधकांच्या 1971 च्या पेपरच्या नावातच तो शब्द आहे. तेव्हा मी "हिरासदृश कार्बनचा लेप" म्हणेन, आणि नेमकं लिहायचं असेल तिथे "टणक अस्फटिकी कार्बनचा पातळ थर". "पापुद्रा" कोणी सुचवू नका, तो सोलायचाच असतो.