चूक झाली तर? ही भीती बरोबर घेऊनच ये

तुझं पत्र दोनदा वाचलं. इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहेस, कोडिंग छान जमतं, सलाइनची बाटली संपत आली की नर्सच्या मोबाइलवर अलार्म जाईल असा प्रोजेक्ट केलायस आणि आता मेडिकल डिव्हाइसच्या सॉफ्टवेअरमध्येच जायचंय, पण "माझ्या चुकीने कुणाचा जीव गेला तर?" या विचाराने झोप उडते असं लिहिलंयस. शिवाय मित्र म्हणतात की तिथे कोडिंग कमी आणि कागदपत्रंच जास्त.

आधी भीतीचं बोलू. ती घालवायच्या मागे लागू नकोस, या कामात ती लागतेच. मला काळजी वाटते ती "माझा कोड टेस्ट झालाय, काही होत नाही" म्हणणाऱ्यांची.

थेरॅक-25 हे नाव ऐकलं नसशील तर सांगते. कॅन्सरला रेडिएशन द्यायचं मशीन, 1985 ते 1987 या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा पेशंटना त्यातून प्रचंड ओव्हरडोस गेला, काही जण दगावले. टेक्सासमध्ये काय झालं बघ, मशीन एक्स-रे किंवा इलेक्ट्रॉन अशा दोन प्रकारे रेडिएशन द्यायचं, ऑपरेटरने चुकून एक्स-रेचा एक्स दाबला, लक्षात आल्यावर वर जाऊन इलेक्ट्रॉनचा ई केला, हे सगळं आठ सेकंदांच्या आत. मशीनमधले मॅग्नेट सेट व्हायला साधारण तेवढाच वेळ लागायचा आणि त्या वेळात केलेला बदल सॉफ्टवेअरच्या एका भागाला कळायचाच नाही, त्यामुळे पेशंटला भलताच मोठा डोस गेला. स्क्रीनवर आलं फक्त 'मालफंक्शन 54'. असले मेसेज रोजच यायचे, म्हणून ऑपरेटरने पुढे जायचं बटण दाबलं आणि पेशंटला दुसऱ्यांदा झटका बसला. आता यातली खरी गोष्ट ऐक, हाच बग आधीच्या थेरॅक-20 मध्येपण होता, पण तिथे हार्डवेअरचं वेगळं इंटरलॉक होतं, म्हणजे सेटिंग चुकलं तर मशीनला अडवणारी सोय, फार तर फ्यूज उडायचा, पेशंटला काही व्हायचं नाही. नव्या मॉडेलमध्ये सॉफ्टवेअरवर भरवसा ठेवून ते इंटरलॉक काढून टाकलं.

म्हणजे तू चुकणारच आहेस, सगळेच चुकतात. तुझी चूक पेशंटपर्यंत पोचायच्या आधी तिला अडवणारं दुसरं काहीतरी मध्ये उभं पाहिजे, आणि ते कुठे, कसं उभं करायचं हे ठरवणं हेच या फील्डमधलं काम आहे.

तुझाच प्रोजेक्ट घे. वायफाय गेलं तर मोबाइलवर काय दिसतं? बहुतेक शेवटचा आकडा तसाच राहत असेल, "40 टक्के शिल्लक", आणि इकडे बाटली रिकामी झालेली. नर्सला वाटतं सगळं ठीक आहे. म्हणजे बंद पडलेल्या अ‍ॅपपेक्षा हे वाईट, कारण बंद पडलेलं निदान कळतं तरी. मग आकड्याबरोबर त्याची वेळ दाखवायची, ठरावीक सेकंदांत नवा डेटा आला नाही तर आकडा पुसून "माहिती येत नाही" असं मोठ्याने सांगायचं, आणि डिव्हाइसवरच एक बझर ठेवायचा, मोबाइल सायलेंटवर असला तरी वाजेल असा. पण तो उगाच सारखा वाजला तर लोक त्याच्याकडे बघणंच सोडून देतात, तेपण सांभाळायचं. आणि बिघाड झाला की सरळ बंद करून टाकू असंही सगळीकडे चालत नाही गं, रेडिएशनचं मशीन बंद पडलेलं बरं, व्हेंटिलेटर बंद पडला तर पेशंट जातो.

कागदपत्रांचं मित्र खोटं बोलत नाहीत. मेडिकल डिव्हाइससाठी आंतरराष्ट्रीय मानकं आहेत, त्यातल्या आयएसओ 14971 मध्ये काय काय बिघडू शकतं आणि त्याचा धोका किती ते मांडायचं असतं, आयईसी 62304 मध्ये सॉफ्टवेअरचे ए, बी, सी असे वर्ग आहेत, जीव जाऊ शकतो किंवा गंभीर इजा होऊ शकते ते सी, आणि प्रत्येक धोक्यावर काय उपाय केला, तो कुठल्या टेस्टने तपासला हे दाखवता आलं पाहिजे. मला हे कंटाळवाणं वाटत नाही, कारण वर सलाइनबद्दल आपण जे बोललो तेच तिथे नीट लिहून ठेवायचं असतं. पण दर आठवड्याला नवीन फीचर लाँच करायची हौस असेल तर इथे घुसमट होईल. एका ओळीच्या बदलालासुद्धा किती तपासणी लागते! 2017 मध्ये सायबर सिक्युरिटीसाठी अमेरिकेतल्या साधारण 4 लाख 65 हजार पेसमेकरना फर्मवेअर (म्हणजे डिव्हाइसच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट द्यायचं ठरलं, ते घरबसल्या होणारं नव्हतं, पेशंटला डॉक्टरकडे जावं लागायचं, आणि अपडेटचा स्वतःचा थोडा धोका होता तो धरून घ्यायचं की नाही हे दोघांनी मिळून ठरवायचं.

सी भाषा आणि एम्बेडेड, म्हणजे डिव्हाइसच्या आतल्या चिपसाठीचं प्रोग्रॅमिंग, पक्कं कर. पहिली नोकरी टेस्टिंगची मिळाली तर नाक मुरडू नकोस, डिव्हाइस कुठे कुठे दगा देतं हे तिथेच कळतं. आणि जमलं तर परवानगी घेऊन एखाद्या नर्सच्या शेजारी एक अख्खी शिफ्ट उभी राहा, हातात ग्लोव्हज, एकीकडे फोन, तीन बेडचे अलार्म, आणि त्यात तुझी स्क्रीन तिला किती सेकंद बघायला मिळते ते मोज.

तोवर एक कर, प्रोजेक्ट चालू असताना सेन्सरची वायर उपटून बघ आणि स्क्रीनवर काय दिसलं ते मला कळव.