डाग राहू द्या, डोळा कामाला लावा

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. शाळेतल्या तपासणीत तिला उजव्या डोळ्याने तक्त्यावरची फक्त वरची दोन चित्रं ओळखता आली. मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी थेंब टाकून तपासलं. डावा डोळा उत्तम, उजव्याचा नंबर उणे ७. उजव्या पडद्यावर जन्मापासूनचा पांढरा डाग आहे म्हणाले आणि कागदावर ‘मायलिनेटेड नर्व्ह फायबर्स’ असं लिहून दिलं. वाढदिवसाच्या फोटोत तो डोळा पांढरा चमकलेला आम्ही पाहिला होता, पण फ्लॅशमुळे असेल म्हणून सोडून दिलं. सासूबाई म्हणतात, पोटात असताना मी ग्रहणात भाजी चिरली त्याचं हे फळ. डाग लेसरने जाईल का? एवढ्या लहानपणी जाड चष्मा लावला तर नंबर वाढत जाईल का?
– एक आई, बार्शी

उत्तर : आधी ग्रहणाचं मिटवू. भाजी चिरलीत, शिजवलीत, खाल्लीत. विषय संपला. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि पुढचं त्यांनाही वाचून दाखवा, कारण पट्टी लावायच्या कामात त्यांची मदत लागणार आहे.

आपल्या प्रत्येक डोळ्यातून मेंदूकडे साधारण दहा-बारा लाख तंतू जातात. त्यांचीच मिळून डोळ्याची नस होते. या तंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टन असतं, त्यामुळे संदेश झपाट्याने पोचतो. गर्भात हे वेष्टन मेंदूच्या बाजूने चढत येतं आणि जन्माच्या सुमारास डोळ्याच्या मागच्या भिंतीपाशी पोचतं. तिथे, नस डोळ्याला मिळते त्या जागी, चाळणीसारखी जाळी आहे. वेष्टनाने चाळणीपलीकडे थांबायचं, डोळ्यात शिरायचं नाही, असा नेम. कारण डोळ्याच्या आत हे तंतू उजेड टिपणाऱ्या पेशींच्या पुढून पसरलेले असतात. उघडे असले की पारदर्शक, वेष्टन चढलं की दुधासारखे पांढरे. मग मागच्या पेशींना उजेड मिळत नाही. शंभरात एखाद्या माणसात हा नेम मोडतो आणि थोड्या तंतूंवर आतही वेष्टन चढतं. तुमच्या लेकीच्या डोळ्यात तेच झालंय.

आम्हाला तो डाग कसा दिसतो सांगते. केशरी-लाल पडद्यावर कापसाचा पेळू ठेवावा तसा. कडा सरळ नसते, पिसासारखी विस्कटलेली असते आणि तंतू ज्या दिशेने जातात त्याच दिशेने रेघा असतात. मधूनच एखादी रक्तवाहिनी त्यात बुडते आणि पुढे वर येते. जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५६ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणजे दुखणं काही नवं नाही. तरी शिकत असताना मीही फसले होते. एका गवंड्याच्या डोळ्यात हे पांढरं पाहून मी ‘नसेला सूज’ असं लिहिलं आणि त्याला मेंदूचा स्कॅन करायला धाडलं. बिचाऱ्याचे दोन दिवसांचे रोज बुडाले. सरांनी एकदाच आत डोकावून पाहिलं आणि मला म्हणाले, “कडा बघितलीस का?” तेव्हापासून मी कडा बघते.

लेसरने हा डाग जात नाही, आणि घालवायचाही नाही. त्या वेष्टनाखाली चालू असलेले तंतू आहेत, लेसरने जळतील तर तेच. उलट असा डाग मोठेपणी आपोआप पुसट झाला तर आम्हाला काळजी वाटते. काचबिंदूत किंवा नसेच्या दाहात तंतूच मरतात, आणि मग वेष्टनही नाहीसं होतं.

डागाच्या जागी तिला कमी दिसत असणार, पण ते तिला जाणवणार नाही. आपल्या प्रत्येकाच्या डोळ्यात, नस जिथे आत येते तिथे, काहीच दिसत नाही. करून बघा. दोन्ही हात समोर ताठ धरून अंगठे जुळवा. डावा डोळा मिटा, उजव्याने डाव्या अंगठ्याकडेच बघत राहा आणि उजवा अंगठा हळूहळू उजवीकडे सरकवा. वीतभर अंतराच्या थोडं अलीकडे त्याचं टोक गायब होईल. इतकी वर्षं ही जागा तुमच्या लक्षात आली होती का? तिच्या डोळ्यात ती जास्त मोठी आहे, इतकंच.

खरी अडचण डाग नाही, उणे ७ आहे. मोठा डाग, एकाच डोळ्याला मोठा नंबर आणि आळशी डोळा हे त्रिकूट आम्हाला ओळखीचं आहे. तो डोळा लांबीला जास्त वाढलेला असतो. एक मिलिमीटर जास्त म्हणजे साधारण ३ नंबर. डाव्याने सगळं स्वच्छ दिसत असल्यामुळे ती कधी कुरकुरली नाही. मेंदूने उजव्याचं धूसर चित्र घेणंच सोडून दिलं, यालाच आळशी डोळा म्हणतात. हे वेळीच कळलं नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका, घरात कुणालाच कळत नाही.

म्हणून चष्मा आजपासून, उठल्यापासून झोपेपर्यंत. चष्म्याने नंबर वाढत नाही. न लावल्याने मात्र डोळा कायमचा आळशी राहतो. काचा पॉलिकार्बोनेटच्या घ्या, तिच्या चांगल्या डोळ्याला इजा होणं आपल्याला परवडणारं नाही. दोन डोळ्यांतला फरक मोठा असल्यामुळे पुढे कॉन्टॅक्ट लेन्सचाही विचार होऊ शकतो. काही आठवड्यांनी डॉक्टर डाव्या डोळ्यावर पट्टी सांगतील, बहुधा रोज दोन ते सहा तास, म्हणजे उजव्याला काम करावंच लागेल. पट्टी कातडीला चिकटवायची, चष्म्याच्या काचेवर नाही, नाहीतर पोरं बाजूने डोकावतात. त्या वेळात शेंगदाणे निवडायला द्या, ठिपके जोडून रांगोळी काढू द्या. जिन्यावर आणि रस्त्यावर मात्र पट्टीने सोडू नका.

नजर पूर्ण सुधारेल असं वचन मी देणार नाही. डाग पडद्याच्या मध्यबिंदूपर्यंत आलाय का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. आला असेल तर यश कमी मिळतं. पण साडेपाच हे वय हातातलं आहे. पट्टीवरून वर्गात कुणी चिडवलं तर तिला सांगा, सशाच्या डोळ्यात असे पांढरे पट्टे सगळ्यांनाच असतात.

फोटोबद्दल इतर पालकांना सांगते : बाहुली पांढरी चमकली तर त्याच आठवड्यात थेंब टाकून तपासून घ्या. तसं दिसण्यामागे पडद्याचा कर्करोगही असू शकतो. तुमच्या लेकीची तशी तपासणी झालीय, तुम्ही निश्चिंत राहा.

प्रश्न : वय ५४, दहा वर्षं मधुमेह. पडद्याच्या फोटोत पांढरा डाग आला. एक डॉक्टर म्हणतात साखरेमुळे, दुसरे म्हणतात जन्मापासूनचा. कुणाचं खरं?
– निवृत्तीकडे झुकलेला शिक्षक, लातूर

उत्तर : सर, जुना फोटो कुठे आहे का ते शोधा. मधुमेहात बारीक रक्तवाहिन्या बंद पडून कापसासारखे ठिपके येतात, ते काही आठवड्यांत-महिन्यांत विरतात. जन्मापासूनचा डाग जागचा हलत नाही. जुना फोटो नसेल तर आत्ताचा जपून ठेवा आणि तीन महिन्यांनी त्याच मशीनवर दुसरा काढून घ्या. तोवर साखर आणि रक्तदाब तपासून घ्या, ते दोघांपैकी कुणाचंही खरं ठरलं तरी लागणारच आहे.